सांगणारा कोण?

जुलाब लागलेल्या मुलाला काय पाजावे, याचे उत्तर जगाला पन्नास वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालानबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून त्या पाण्याची पिंपे रुग्णांजवळ ठेवली आणि आई-बाप, भावंडे यांनाच ते पाणी पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. आपण ज्याला जलसंजीवनी किंवा ओआरएस म्हणतो ते हेच. आज जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले प्रमाण असे आहे: एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असा घरगुती उपायही सांगितलेला आहे. चमचा चहाचा.

यातला शब्दन् शब्द इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. तरीही आपल्याकडे कित्येक वर्षे औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात ‘ओआरएस’ ही अक्षरे नावातच घेऊन आलेली गोड पेये टेट्रापॅकमधून विकली गेली. त्यांत साखर जलसंजीवनीपेक्षा कितीतरी पट जास्त. आतड्यात साखर जास्त झाली की ती पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणजे ज्यासाठी पाजले त्याच्या नेमके उलट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी सुमारे आठ वर्षे याविरुद्ध झगडा दिला. मध्यंतरी ‘हे जागतिक आरोग्य संघटनेचे ओआरएस नव्हे’ असा खुलासा वेष्टनावर छापला तर नाव चालेल, अशी सवलत उत्पादकांना मिळाली होती. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ती सवलत काढून घेतली आणि प्रमाणित सूत्र नसलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात ही अक्षरे वापरायला मनाई केली.

या हकिगतीत माहितीची टंचाई कुठेच नव्हती. बरोबर उत्तर पहिल्यापासून सर्वांसाठी खुले होते. चुकीचे उत्तर त्याच्या पुढे येऊन उभे राहिले, कारण ते पुढे आणण्यात कुणाचा तरी पैसा गुंतला होता आणि बरोबर उत्तराला जाहिरातदार नव्हता. मुलांच्या आरोग्याविषयी इंटरनेटवर जे काही शोधायचे, त्या सगळ्याला हे लागू पडते. पालेभाजी का खायची, रात्री किती तास झोपायचे, दात कसे घासायचे, उंची कशी वाढते, लस का टोचतात, असा कोणताही प्रश्न टाका. उत्तरे हजारो येतील. त्यांच्यात निवड करताना काय सांगितले आहे हे बघण्याआधी सांगणारा कोण आहे हे बघावे, असे माझे ठाम मत आहे. शाळेने ‘संतुलित आहार’ असा प्रकल्प दिला की घरोघरी आई-बाबांच्या फोनवर पहिली दोन पाने उघडतात, त्यावरचे मुले वहीत उतरवतात आणि शोध तिथेच संपतो. पहिली दोन पाने पहिली का आली, हे कुणी विचारत नाही.

दिसण्यावरून हे कळत नाही, आणि शिकलेल्या माणसांनाही कळत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या दोघांनी केलेला एक अभ्यास यासाठी फार बोलका आहे, शिवाय तो नेमका मुलांच्या आरोग्याशी संबंधित आहे. त्यांनी तीन गट घेतले: त्याच विद्यापीठातले पंचवीस विद्यार्थी, दहा इतिहासकार आणि दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस. त्यांना दोन संस्थांची संकेतस्थळे दाखवून अधिक विश्वासार्ह कोणती ते विचारले. एक ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स’, १९३० साली स्थापन झालेली, साठ हजारांहून अधिक बालरोगतज्ज्ञ सभासद असलेली. दुसरी ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पेडिॲट्रिशियन्स’. हे नाव वाचून ती कुणालाही पहिलीची बहीण वाटेल. प्रत्यक्षात हा एक लहानसा गट आहे. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला अकॅडमीने पाठिंबा दिला, त्यावरच्या वादातून तो २००२ साली फुटून निघाला. दोन्ही संकेतस्थळे नीटनेटकी, दोन्हींवर बोधचिन्ह, दोन्हींवर लेखांखाली संदर्भ. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी लहान गटाला अधिक विश्वासार्ह ठरवले. इतिहासकारही बरेच गोंधळले. तथ्य-तपासनीसांपैकी मात्र एकही फसला नाही.

त्यांनी केले ते इतके साधे आहे की सातवीतला मुलगाही करू शकेल. विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचत होते, ‘आमच्याविषयी’ उघडून संस्थेने स्वतःबद्दल लिहिलेले ताडून बघत होते. तथ्य-तपासनीस काही क्षणांतच पान सोडून बाहेर पडले. त्यांनी ब्राउझरची नवी खिडकी उघडली, संस्थेचे नाव टाकले आणि बाकीचे लोक तिच्याविषयी काय म्हणतात ते वाचले. मग परत येऊन मूळ पान वाचायचे की नाही ते ठरवले. गावाकडे स्थळ आले की आपण मुलाकडच्यांनाच ‘तुम्ही कसे आहात’ असे विचारून थांबत नाही, चार घरे सोडून चौकशी करतो. तोच हा व्यवहार. इंटरनेटवर आपण ती चौकशी विसरतो, कारण पान समोर असते आणि वाचत सुटणे सोपे असते.

संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट थोडी मदत करतो, पण थोडीच. ‘डॉट गव्ह डॉट इन’ हा पत्ता भारतात सरकारी संस्थांनाच मिळतो. ‘डॉट ॲक डॉट इन’ शैक्षणिक संस्थांचा असतो. ‘डॉट ऑर्ग’ म्हणजे धर्मादाय संस्था हा समज मात्र डोक्यातून काढून टाकावा. तो पत्ता पैसे भरून कुणीही घेऊ शकतो. तसेच पांढऱ्या कोटाचे. व्हिडिओत बोलणारी व्यक्ती डॉक्टर आहे का, असेल तर कशाची, आणि ज्या विषयावर बोलते आहे तो तिचा विषय आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. भारतात ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२३ मध्ये अशी मार्गदर्शक सूचना काढली की आरोग्याविषयी सांगणाऱ्या डॉक्टरांनी आणि आरोग्यतज्ज्ञांनी आपली पात्रता उघड करावी. ती लिहिलेली नसेल तर तेवढ्यावरूनही बरेच काही समजते. यूट्यूब काही आरोग्यविषयक व्हिडिओंखाली, हा स्रोत कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारी छोटी पट्टी दाखवते. ती वाचण्याची सवय मुलांना लावावी.

आता पैशाकडे येऊ. लहान मुलांसाठीच्या आशयात जाहिरात ओळखणे सर्वांत अवघड असते, कारण ती जाहिरातीसारखी दिसत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतूच उमगत नाही, हा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये मांडलेला निष्कर्ष आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली यूट्यूबवरच्या सर्वाधिक लोकप्रिय बाल-प्रभावकांचे ४१८ व्हिडिओ तपासले. त्यांपैकी १७९ व्हिडिओंत खाण्यापिण्याच्या वस्तू होत्या आणि त्या दर्शनांपैकी नव्वद टक्के ब्रँडेड, आरोग्याला मारक पदार्थांची होती. खेळणे उघडणारे, खिदळणारे एक मूल मधेच बर्गर खाते. आपले मूल समोर बसून ते बघते. कुणीही कुणाला ‘हे विकत घ्या’ म्हटलेले नाही.

आपल्याकडचे उदाहरण दुधात घालायच्या पावडरींचे. दोन-तीन पिढ्या आपण त्यांना पौष्टिक पेय समजत वाढलो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले की अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढा, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही. तोवर हजारो पानांवर तीच अक्षरे झळकत होती. वेष्टनावरचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांकही असाच गैरसमजाचा विषय आहे. तो परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक आहे. पदार्थ मुलाला रोज द्यावा अशी शिफारस त्यात कुठेही नसते. वेष्टनाच्या मागच्या बाजूला साखरेचा आकडा असतो, तो बघावा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की बाहेरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी आणि पाच टक्क्यांखाली आणता आली तर अधिक चांगले. मोठ्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. लहान मुलासाठी त्याहून कमी.

पैसा जाहिरातीतूनच येतो असे नाही, मुलाच्या माहितीतूनही येतो. अमेरिकेत वजन घटवण्याच्या व्यवसायातल्या ‘डब्ल्यूडब्ल्यू’ या कंपनीचे ‘कुर्बो’ नावाचे ॲप होते. आठ वर्षांच्या मुलांपासून पुढे सर्वांना ते खाण्याची, व्यायामाची, वजनाची नोंद ठेवायला सांगे. पालकांची रीतसर संमती न घेता तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी २०२२ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. दंड पंधरा लाख डॉलर, शिवाय ती माहिती आणि तिच्या आधारे बनवलेले अल्गोरिदमही नष्ट करण्याचा आदेश. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी आणि मुलांचा माग काढून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. म्हणून ‘आरोग्य शिकवणारे’ एखादे ॲप मुलाचे वजन, उंची, जन्मतारीख विचारू लागले की आधी थांबावे. शिकवण्यासाठी या गोष्टींची सहसा गरज नसते. मला तर वाढत्या वयाच्या मुलाला रोज वजन आणि कॅलरी मोजायला लावणारे कोणतेही साधन नको वाटते, मग ते कितीही शास्त्रीय असो. दहा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीराची भीती घालून आरोग्य शिकवता येत नाही. जिथे जाड मूल हसण्याचा विषय आहे, जिथे ‘वाईट’ मुले वडापाव खातात आणि ‘चांगली’ मुले गाजर, ते पान किंवा तो व्हिडिओ बंद करावा.

मग उघडायचे काय?

आहारासाठी मी पहिले नाव घेईन ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे, म्हणजे एनआयएनचे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शक तत्त्वे तीच काढते. २०२४ च्या आवृत्तीत ती सतरा आहेत. मूळ दस्तऐवज जाडजूड आणि इंग्रजी आहे, तो मुलाच्या हातात देऊ नये. पण त्यातले ‘दिवसभराचे ताट’ हे चित्र मुलासोबत बसून बघण्यासारखे आहे. ताटाचा जवळजवळ अर्धा भाग भाज्या, पालेभाज्या, फळे आणि कंदमुळांचा. मग धान्ये आणि भरडधान्ये, डाळी, दूध-दही, अंडी-मासे-मांस, दाणे, तेल. ते चित्र बघून झाले की आपल्या घरातले कालचे ताट आठवायला सांगावे. पोळी-भाजी-वरण-भातात पोळी आणि भाताने किती जागा घेतली आणि भाजी केवढीशी होती, हे मूल स्वतःच दाखवते. ताट आपले, ज्वारी-बाजरी-नाचणी आपली. परदेशी संकेतस्थळावरचे ब्रोकोलीचे चित्र हे काम करू शकत नाही.

एफएसएसएआयच्या ‘ईट राइट’ उपक्रमात शाळांसाठी ‘यलो बुक’ नावाचे साहित्य आहे, वयोगटांप्रमाणे वेगवेगळे. हात धुणे, अन्न झाकणे, ताटात विविधता, डबा कसा असावा असे विषय त्यात आहेत. शिक्षकांना थेट वर्गात वापरता येते. याच संस्थेच्या २०२० च्या नियमानुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. मुलांना हा नियम दाखवून ‘आपल्या शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर मोजा’ असे सांगितले तर पुस्तकातला धडा रस्त्यावर येतो.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना, आयएपी, १९६३ पासून आहे. तिने पालकांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात मार्गदर्शिका काढल्या आहेत: ताप, लसी, झोप, खाण्याचे हट्ट, मोबाइल. पडद्यापुढच्या वेळेबद्दल तिचे म्हणणे स्पष्ट आहे. दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको, पाच ते दहा वर्षांत दोन तासांखाली. या लेखाच्या विषयाला यामुळे एक मर्यादा आपोआप पडते. आरोग्याचा चांगला धडाही पडद्यावरच असतो आणि तो त्याच दोन तासांत बसवायचा आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे घाम काढणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्यायामावरचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ बसून बघणे त्यात धरत नाहीत.

मुलांनी स्वतः वाचावे असे इंग्रजीत सर्वांत चांगले ठिकाण माझ्या मते ‘किड्सहेल्थ’. अमेरिकेतली नेमूर्स ही बालरुग्णालये चालवणारी संस्था १९९५ पासून ते चालवते. पालक, मुले आणि किशोर असे तीन वेगळे विभाग आहेत आणि एकच विषय तिघांना ज्याच्या त्याच्या भाषेत समजावलेला असतो. प्रत्येक लेखाशी तो तपासणाऱ्या डॉक्टरचे नाव आणि तपासल्याची तारीख दिलेली असते. ही एक ओळ मी इतर कोणत्याही पानावरही शोधतो. अर्थात हे अमेरिकी आहे, ते ध्यानात ठेवून वाचावे. वजन पौंडांत, न्याहारीत सीरियल, आणि लसींचे वेळापत्रक आपल्याहून निराळे. क्षयरोगाची बीसीजी लस आपल्याकडे जन्मतःच देतात, अमेरिकेत ती नेहमीच्या लसींत नाही. शरीर कसे चालते हे तिथून शिकावे. कोणती लस कधी, हे आपल्या डॉक्टरांकडून.

मराठीत काय आहे? पहिले उत्तर इतके जवळचे आहे की ते सुचत नाही: पाठ्यपुस्तक. १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. ‘परिसर अभ्यास’ आणि पुढच्या इयत्तांचे विज्ञान यांतले अन्न, स्वच्छता, रोगप्रसार, शरीरसंस्था यांवरचे धडे विषयसमितीने तपासलेले असतात. भाषा मुलाची असते, आणि वर्गात तेच शिकवलेले असल्याने घरी बोलायला सुरुवात सोपी जाते. पुस्तकातले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी मंचावर नेतात. तिथल्या साहित्याचा दर्जा एकसारखा नाही, काही व्हिडिओ नुसते वाचून दाखवलेले आहेत, पण निदान मधे बिस्किटाची जाहिरात येत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पोषणावरचे धडे मराठीतही आहेत. ते मुख्यतः गरोदर आणि स्तनदा मातांसाठी आहेत, तरी धाकटे भावंड घरी असलेल्या मोठ्या मुलीनेही बघावेत इतके स्वच्छ आहेत. सी-डॅकने चालवलेल्या ‘विकासपीडिया’वर मराठीत आरोग्याचा मोठा विभाग आहे. तिथे लेखक अनेक असल्याने लेख कुणाचा आणि कधीचा हे बघूनच वापरावा. लहानांसाठी प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ आहे, २०१५ पासूनचे, चित्रपुस्तकांनी भरलेले, मराठीसह कितीतरी भाषांत. गोष्टीतून शिकलेले हात धुणे उपदेशातून शिकलेल्यापेक्षा जास्त टिकते, यावर माझा विश्वास आहे.

या यादीवर कायमची खूण करून ठेवू नये. एके काळी जिनिव्हाची ‘हेल्थ ऑन द नेट’ ही संस्था आरोग्य-संकेतस्थळे तपासून त्यांना शिक्का देत असे आणि तो शिक्का बघून वाचक निश्चिंत होत. २०२२ च्या अखेरीस तिचे काम थांबले. आता तो शिक्का एखाद्या पानावर दिसलाच, तर त्यातून ते पान किती जुने आहे एवढेच कळते. याहून गंभीर गोष्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये घडली. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या संकेतस्थळावर लसींमुळे स्वमग्नता होत नाही असे अनेक वर्षे लिहिलेले होते. ते पान बदलले आणि त्या विधानाला पुरावा नाही असे तिथे लिहिले गेले. नवे संशोधन आले म्हणून हा बदल झाला नाही. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा मूळ लेखच ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला होता, आणि त्यानंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांना असा संबंध सापडलेला नाही. जगभरच्या डॉक्टरांनी या बदलावर टीका केली. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या आरोग्य-संकेतस्थळांपैकी एकावर हे घडू शकते, तर कोणत्याही एकाच स्रोतावर विसंबून चालणार नाही. महत्त्वाचा दावा असेल तर एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन ठिकाणी तो तपासावा: जागतिक आरोग्य संघटना, आपली आयएपी, दुसऱ्या एखाद्या देशाची आरोग्यसेवा. एआयला विचारून मिळालेल्या उत्तरालाही हेच लागू. ते आत्मविश्वासाने बोलते, पण बोलणारा कोण हे त्यात पुसले गेलेले असते. त्याला मूळ स्रोत विचारावा आणि तो स्वतः उघडून बघावा.

आतापर्यंत सांगितले ते आई-बाबांचे काम झाले. पण मूल बारा-तेराचे झाले की फोन त्याच्या हातात असतो आणि आपण शेजारी नसतो. म्हणून मला सर्वांत मोलाचे वाटते ते युगांडातले काम.

तिथले ॲलन न्सांगी, डॅनियल सेमाकुला आणि नॉर्वेतले अँड्र्यू ऑक्समन यांच्या गटाला एक प्रश्न पडला होता: आरोग्याविषयीचा दावा खरा की खोटा हे तपासायला दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवता येईल का? मध्य युगांडातल्या १२० प्राथमिक शाळा त्यांनी घेतल्या, दहा हजारांहून जास्त मुले. एकेका वर्गात शंभराच्या आसपास मुले, संगणक नाही, बऱ्याच ठिकाणी वीज नाही. त्यांनी एक चित्रकथेचे पुस्तक तयार केले. त्यात जॉन आणि ज्युली ही भावंडे आहेत आणि गोष्ट सुरू होते भाजलेल्या हातावर शेण लावण्याच्या सल्ल्यापासून. मग मुले प्रश्न विचारायला शिकतात. हे तुला कुणी सांगितले? कशावरून? एकाला गुण आला म्हणून सगळ्यांना येईल का? जुनी पद्धत आहे म्हणून बरोबर का? नवे आणि महाग आहे म्हणून चांगले का? तज्ज्ञाने सांगितले, पण त्याला कशावरून कळले? औषध घेतले नसते तर काय झाले असते? निम्म्या शाळांत हे पुस्तक ऐंशी-ऐंशी मिनिटांच्या नऊ तासिकांत शिकवले, उरलेल्या शाळांत नेहमीचा अभ्यास चालू राहिला. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घेतली. पुस्तक शिकलेल्यांपैकी ६९ टक्के मुले उत्तीर्ण झाली, न शिकलेल्यांपैकी २७ टक्के. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराने पुन्हा तपासले तेव्हाही पुस्तक शिकलेली मुले स्पष्टपणे पुढे होती.

मला यात आवडते ते हे की मुलांना कोणती माहिती बरोबर याची यादी पाठ करायला लावलेली नाही. यादी जुनी होते, प्रश्न होत नाहीत. आणि हे आपल्या घरात आज करता येण्याजोगे आहे. आपल्याकडे भाजल्यावर टूथपेस्ट लावतात, कुणी शाई, कुणी बटाटा. मुलाला विचारावे: हे कुणी सांगितले? टूथपेस्टने बरे वाटले ते टूथपेस्टमुळे, की ती थंड होती म्हणून, की छोटी जखम तशीही भरली असती? मग सोबत बसून शोधावे. एकापाठोपाठ एक विश्वासू ठिकाण सांगते की भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बर्फ नको, पेस्ट नको, आणि जखम मोठी असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे. किंवा सर्दी घ्या. अमुक काढा घेतला आणि सर्दी गेली, असे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर काकांनी लिहिले. सर्दी काढ्याशिवायही आठवड्याभरात जाते, तर काढ्याने काय केले हे कसे ठरवायचे? दहा वर्षांचे मूल यावर आश्चर्य वाटेल इतका चांगला विचार करते. मात्र काकांचा अपमान होऊ न देता प्रश्न कसा विचारायचा, हेही त्याच वेळी शिकवावे लागते. ‘काका, हे कुठे वाचलेत? मलाही वाचायचे आहे’ एवढे पुरते.

युगांडाचे ते पुस्तक आणि शिक्षकांची मार्गदर्शिका इंटरनेटवर विनामूल्य आहेत. व्यापारी उपयोग करायचा नसेल तर भाषांतर करून आपल्या मुलांसाठी बदलून घ्यायलाही त्यांची परवानगी आहे. ‘स्टोरीवीव्हर’वरची पुस्तकेही खुल्या परवान्याची आहेत, त्यांत नवी भाषांतरे कुणीही भरू शकतो. आठ ते बारा वर्षांच्या मराठी मुलांना स्वतः वाचता येईल, ज्यावर डॉक्टरचे नाव आणि तारीख असेल आणि मधे जाहिरात नसेल, असे आरोग्याचे साहित्य आज फार थोडे आहे. ते करायला मोठी संस्था लागत नाही. तालुक्याचा एखादा बालरोगतज्ज्ञ, पाचवीला शिकवणाऱ्या दोन शिक्षिका, चित्र काढणारा एक माणूस आणि शेवटी तपासून सही करणारा दुसरा डॉक्टर, एवढे लोक जमले तर उन्हाळी सुट्टीत पहिले पुस्तक तयार होईल. सुरुवात जलसंजीवनीपासून करावी. लिटरभर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि पुढच्या पानावर दुकानातल्या चार खोक्यांच्या मागच्या बाजू, साखरेच्या आकड्यासह. बेरीज मुलेच करतील.